चुलवाण पेटायला नऊ वर्षं लागली

यंदा दिवाळीच्या आधी घर झाडताना माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. पेटीत आबांचा पटका, जुन्या सात-बाराचे उतारे, एक तुटकी टेप आणि तीन लांबोड्या वह्या. वह्यांवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, गुऱ्हाळ 1, गुऱ्हाळ 2, गुऱ्हाळ 3. नातवानं पहिली वही उघडली आणि म्हणाला, "आजोबा, ह्यात नुसती चित्रंच हायत की!"

चित्रं नव्हती ती. चुलवाणाचे नकाशे होते. एकूण अकरा. त्यातला एकही बांधला गेला नाही.

आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. काळी जमीन, ऊस सोडला तर दुसरं फारसं कुणी बघत नाही. 1998 साली आम्हा भावांच्या वाटण्या झाल्या आणि माझ्या वाट्याला साडेतीन एकर आली. ऊस कारखान्याला जायचा. तोड कधी येईल ते चिटबॉयच्या हातात, बिल कधी निघेल ते त्याहून वरच्यांच्या हातात. तेव्हा मनात आलं, आपलं स्वतःचं गुऱ्हाळ पाहिजे. आपला ऊस, आपला घाणा, आपला गूळ. तोही हायड्रोस न घालता केलेला.

मुळात इच्छा आबांची होती. आबांनी तरुणपणी वीस हिवाळे दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर जाळ घातला होता. जाळ घालणं म्हणजे चुलवाणाच्या तोंडाशी खड्ड्यात बसून वाळली चिपाडं आत सारत राहायची. पुढनं भाजतंय, मागनं थंडी. त्यांच्या पायांच्या नडग्यांवर केस उगवायचे बंद झाले होते. ते म्हणायचे, "एकदा आपल्या चुलवाणाला जाळ घालायचाय मला. मग मेलो तरी चालंल."

मी म्हणालो, घालू की. पण नीट करू.

आता हे "नीट" काय होतं ते सांगतो. मी 1977 सालचा दहावी. वर्गात माझी वही सगळ्यात नेटकी. शाईचा डाग पडला तर पान फाडून पुन्हा लिहायचो. गुरुजी ती वही इतर वर्गांत फिरवायचे. बोर्डाच्या परीक्षेत भूमितीच्या आकृत्या अशा काढल्या की पर्यवेक्षक थांबून बघत होते, आणि शेवटचे दोन प्रश्न राहून गेले. मार्क पडले एकशे पन्नासात अठ्ठावन्न. त्यातनं काही शिकायला पाहिजे होतं. नाही शिकलो.

उलट पुढं एक घाव बसला. 1991 ला मी सोसायटीचं कर्ज काढून दोन संकरित गाई आणल्या. चौकशी न करता, बाजारात बघितल्या आणि आणल्या. चार महिन्यांत एक गाय मेली, दुसरी आटली. फेडीसाठी आईच्या पाटल्या मोडल्या. पारावर बसलेली माणसं दोन वर्षं मला "डेअरीवाले" म्हणत होती. तेव्हापासून ठरवलं, आता काहीही करायचं तर अगोदर पुरतं शोधून, मोजून, लिहून. लोकांना हसायला जागा ठेवायची नाही. वरून बघणाऱ्याला वाटायचं माणूस शहाणा झाला. आतली गोष्ट अशी की मी भ्यालो होतो.

मग सुरू झाली हिंडणूक. सायकलवरनं, पुढं मोटरसायकलवरनं मी करवीर, पन्हाळा, कागल, शिरोळ करत किती गुऱ्हाळं बघितली त्याची गणती वहीत आहे, त्रेसष्ट. खिशात टेप. चुलवाणाचं तोंड किती, खोली किती, धुराडं किती उंच, काहिलीचा घेर किती, सगळं मोजायचो. कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्रात जाऊन बसायचो, तिथली माणसं सांगतील ते उतरून घ्यायचो. रसाचा सामू किती पाहिजे, चुन्याची निवळी किती घालायची, पाक 118 अंशाला आला की काहील उतरवायची, काकवी करायची तर 105-106 लाच थांबायचं. रानभेंडीचं खोड ठेचून पाण्यात चोळलं की जो चिकट रस निघतो तो घातल्यावर मळी कशी वर येते, हायड्रोस घातलेला गूळ पिवळा दिसतो पण पुढं का काळवंडतो, हे सगळं मला दुसऱ्याला शिकवता येईल इतकं पाठ झालं.

अडचण अशी होती की दर गुळव्याचं मत वेगळं. एकजण म्हणायचा तोंड पूर्वेला पाहिजे, दुसरा म्हणायचा वारं बघून ठेव. एकजण लोखंडी काहील म्हणायचा, दुसरा म्हणायचा रंग पाहिजे तर गॅल्व्हनाइजचीच घे. मी घरी येऊन नकाशा खोडायचो. नवा काढायचो. त्यात आणखी चार महिने जायचे, तोवर हंगाम संपायचा, मग म्हणायचो पुढच्या दिवाळीला.

2003 ला पाया खणला. धाकट्यानं हौसेनं दोन गवंडी आणले, चुलवाण उभं केलं. मी टेप लावून बघितलं तर धुराड्याकडची वाट वहीतल्या मापापेक्षा पाच इंच अरुंद. मी ते पाडायला लावलं. पुन्हा बांधलं, तर आतली वीट मला पाहिजे तशी भाजलेली नव्हती. पुन्हा पाडलं. धाकटा तेव्हा जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो त्यानंतर दोन वर्षं माझ्या रानात पाय ठेवायला आला नाही.

आबा मात्र काही बोलायचे नाहीत. रोज दुपारी भाकरी खाऊन त्या पाडलेल्या चुलवाणाजवळ लिंबाखाली बाज टाकून पडायचे. दिवाळी जवळ आली की एवढंच विचारायचे, "यंदा पेटतंय काय रं?"

"यंदा न्हाई आबा. छपराचं अजून ठरंना."

"बरं."

2005 च्या जुलैअखेरीला पंचगंगेला महापूर आला. आमचं खालचं दीड एकर आठवडाभर पाण्याखाली होतं. पाणी ओसरल्यावर आबा काठी टेकत रान बघायला गेले, भिजले, ताप भरला. दवाखाना झाला, बरे होऊन घरी आले, पण अंगात बळ आलं नाही. दसऱ्याच्या आधी गेले. जायच्या चार दिवस आधी मला म्हणाले, "चुलवाणाच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठलंय बघ. उपसून टाक. भिताडं खचतील." एवढंच. मला वाटत होतं काहीतरी टोचून बोलावं त्यांनी. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या वर्षी मी वही उघडली नाही.

पूर गेल्यावर वाफसा आला तशी वरच्या दोन एकरांत आडसाली लागण केली होती, को 86032. ऊस असा आला की बांधावरून जाणारा माणूस थांबायचा. पण 2006-07 चा हंगाम आठवत असेल ऊसवाल्यांना. सगळीकडंच ऊस उदंड झाला होता. कारखान्याला गाळप आवरेना. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, माझ्या उसाला तोड येईना. चिटबॉयच्या घरी सात हेलपाटे झाले. उसाला तुरे आले. वाऱ्यानं अर्धा फड लोळला, लोळलेल्यात उंदीर लागले. वजन रोज घटायला लागलं. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं होतं, आणि थोरलीचं लग्न एप्रिलात ठरलेलं.

फेब्रुवारीतल्या एका रात्री मी कंदील लावून बसलो होतो. कंदील अशासाठी की तेव्हा भारनियमन बारा-बारा तासांचं होतं. समोर वही क्रमांक तीन. छपराला पत्रा किती लागेल ते पुन्हा मांडत होतो. मालकीण भांडी घासून आत आली, माझ्या पुढ्यातली वही मिटली आणि म्हणाली, "अवो, उसाला वाचता येत न्हाई. त्येला कशाला वही दावताय?"

मी चिडलो. म्हणालो, "अगं, छप्पर नाही, घाणा नाही, काहील नाही. कशावर गूळ करू?"

"घाणा शेजारच्या गावात पडून हाय. काहील भाड्यानं मिळती. छप्पर कशाला लागतंय, पाऊस हाय का आता?"

खरंच, फेब्रुवारीत पाऊस नसतो. नऊ वर्षं मी छपरासाठी थांबलो होतो, आणि गुऱ्हाळ चालतं दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. हे मला कुणी सांगायला लागावं याची आजही लाज वाटते.

सकाळी उठलो ते धाकट्याच्या दारात गेलो. दोन वर्षांनी. त्यानं आत ये म्हटलं नाही, पण चप्पल घातली. दोघांनी मिळून दोन दिवसांत चुलवाण उभं केलं, पाडलेल्याच विटांचं. टेप मी मुद्दाम घरी ठेवली होती. धुराडं गवंड्याच्या नजरेनं बांधलं, आणि ते किंचित उगवतीला कललं. मला ते दिसत होतं. मी गवंड्याला सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. घाणा डिझेल इंजिनवरचा, भाड्यानं. काहील नऊ फुटी, बुडाला ठिगळ मारलेली. गुळव्या आणला तो आबांबरोबर काम केलेला, पासष्टीचा म्हातारा. त्याला सगळे मामा म्हणायचे. त्याच्याकडं त्या आठवड्यात काम नव्हतं म्हणून मिळाला. भारी गुळवे सगळे गुंतलेले.

पहिलं आदण ठेवलं तेव्हा सकाळचे सात वाजले असतील. दीड टन ऊस, नऊशे लिटरच्या आसपास रस. पहिला जाळ कुणी घालायचा म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी खड्ड्यात उतरलो. आबा बसायचे तसं बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही, पाय अवघडले. चिपाडं आत सारली. जाळ लागला आणि धुराड्यानं आवाज धरला, हूऽऽ असा. कललेलं धुराडं, पण ओढ अशी की मामा वरनं ओरडला, "मालक, चुलवाण पेटलं न्हवं, गाजायला लागलं!"

गूळ मात्र बिघडला.

मळी निघाली, पाक चढला, फेस वर आला तसं शेंगतेलाचे चार थेंब टाकून बसवला. मामानं पाक थंड पाण्यात टाकून गोळी करून बघितली, काहील कप्पीवर घेऊन वाफ्यात ओतली. घोटून बादल्यांत भरला. तासाभरानं बादली पालथी केली तर रवा उभा राहीना. बसक्या वडासारखा पसरला. पाचही रवे तसेच. बघायला जमलेल्यांत पारावरचे दोघेतिघे होतेच. एकजण म्हणाला, "डेअरीवाल्यांनी आता गुळाची खीर काढली."

मला सोळा वर्षं ज्या वाक्याची भीती वाटत होती ते हेच. ते ऐकलं. आणि काय सांगू, काहीच झालं नाही. उन्हं होती तशीच होती. बैल वैरण खात होते. मामा तंबाखू मळत म्हणाला, "लोळल्याला ऊस हाय, उंदरानं खाल्ल्याला. त्यो मऊच पडणार. दुसरं आदण ठेवा."

आणि तिथं मला वही क्रमांक दोन आठवली. पिकून उतरलेल्या, उंदरानं खाल्लेल्या उसात साखर फुटते, त्याचा गूळ धरत नाही, हे मी संशोधन केंद्रात बसून लिहून घेतलं होतं. शेंड्याकडची कांडी छाटायची, उंदराचा ऊस बाजूला काढायचा, निवळी वाढवायची. ही अक्कल माझ्या पेटीत सहा वर्षं होती. मी धावत घरी गेलो, पान काढलं, मामाला वाचून दाखवलं. मामा म्हणाला, "ह्ये आधी का न्हाई सांगितलं?" कारण आधी मला हे ठाऊक होतं, पण कशासाठी ठाऊक आहे ते ठाऊक नव्हतं. म्हणून मी वह्यांना शिव्या देत नाही. चूक त्यांची नव्हती.

दुसऱ्या आदणाचे रवे उभे राहिले. तिसऱ्याचे ठणठणीत.

पहिल्या पाच रव्यांचं काय करायचं हा प्रश्न मालकिणीनं सोडवला. तिनं तो मऊ गूळ डब्यांतनं भरून गल्लीत वाटला, थोडा विकलाही. बायका म्हणायला लागल्या, पोळीला बरा, पण ह्यापेक्षा काकवी मिळेल का? चौथ्या दिवशी तिच्या हट्टानं आम्ही अर्ध्या आदणाची काकवी काढली. भरायला बाटल्या नव्हत्या. धाकट्यानं कोल्हापुरातनं जुन्या काचेच्या बाटल्या आणल्या, त्या रात्रभर उकळल्या. दोन दिवसांत संपली सगळी. माझ्या तीन वह्यांत काकवीवर एकूण दोन ओळी आहेत.

गूळ शाहूपुरीत सौद्याला नेला. शाहू महाराजांच्या काळात वसलेली पेठ ती, 1895 ची. तिथं गूळ रंगावर जातो. आडत्यानं रव्याला अंगठा दाबला, कोर काढून उन्हात धरली आणि माझा माल पिवळ्या ढिगापासून लांब, लाल मालात लावला. हायड्रोस नाही म्हणून सांगितलं तर हसला. "खरं असंल. पण रंग बोलतोय न्हवं." भाव पडला तो पडलाच. माझी नऊ वर्षांची कल्पना अशी होती की चांगला गूळ केला की बाजार उठून उभा राहील. बाजार बसूनच होता. ते घरी बसून कळणार नव्हतं. पुढच्या हंगामात आम्ही तीस किलोचे रवे कमी केले, एक किलोच्या ढेपा पाडल्या आणि कोल्हापुरात ओळखीपाळखीच्या घरांत थेट दिल्या. पहिल्या वर्षी चाळीस घरं. त्यांना रंगाचं काही नव्हतं.

त्या वर्षी सगळा ऊस गाळून झाला नाही. पाऊण एकर शेवटी वाळलाच, पेटवून द्यावा लागला. सोसायटीचे पैसे भरले, लग्नाला धाकट्याकडनं उसने घेतले. फार मोठा विजय झाला असं काही नाही. पण दिवाळीला चुलवाण पुन्हा पेटलं, आणि त्यानंतर एक-दोन वर्षं सोडली तर पेटत आलंय. 2019 च्या पुरात घाण्यापर्यंत पाणी आलं होतं, तेव्हा मात्र माघापर्यंत थांबलो. छप्पर झालं चौथ्या वर्षी. 2014 ला कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची गावात सभा झाली. मला पुढं बसवलं होतं. पारावरच्यांनीच.

खोड मात्र गेलेली नाही. मुलानं मध्यंतरी गूळ पावडरचं काढलं. मी लगेच म्हणालो, आधी चार ठिकाणी बघून येऊ, यंत्रं किती प्रकारची आहेत ते मांडू. तो म्हणाला, "तुम्ही मांडा. तोवर मी एका आदणाची करून बघतो." पाक जरा जादा चढवला, वाफ्यात लाकडी फावड्यानं घोटत राहिला, चाळणीतनं काढली. निम्मी खडे झाली. खडे गोठ्यात गेले, उरलेली विकली. आठवड्यानं त्याला जमलं. माझी यादी तेव्हा दुसऱ्या पानावर होती.

आणि ते धुराडं. अजून कललेलंच आहे. रोज सकाळी रानात गेलो की पहिली नजर तिथं जाते. आता दुरुस्त करायला पैसा आहे, वेळही आहे. मुलगा म्हणतो नवीन बांधू. मी नको म्हणतो, पण खरं सांगायचं तर ते मला आजही खुपतं. मान जरा वाकडी करून बघितलं की सरळ दिसतं.

तर त्या वह्या. मालकीण म्हणाली रद्दीत घालू. पहिली आणि तिसरी दिली. दुसरी ठेवली. निवळीचं पान त्यात आहे म्हणून, आणि मागं आणखी एक पान आहे. वर लिहिलंय, "चुलवाण पूजन, आबांच्या हस्ते." खाली तारीख. ती खोडून दुसरी. ती खोडून तिसरी. अशा पाच तारखा, सगळ्या दिवाळीपाडव्याच्या, प्रत्येक खोडलेली रेघ पट्टी लावून सरळ मारलेली.

नातवानं ते पान बघून विचारलं, "हे आबा म्हणजे कोण?" मी त्याला लिंबाखाली घेऊन गेलो आणि बाज कुठं असायची ती जागा दाखवली. तिथं आता चिपाडं वाळत घालतो आम्ही. परवा पहिलं आदण आहे. मामा थकला, त्याचा पोरगा येतो गुळव्या म्हणून. उन्हं चांगली आहेत, चिपाडं उद्या उलटून टाकायची आहेत.